मम म्हणा

त्याच्या कोटाचं मधलं बटण उडालं आणि समोरच्या मऊ मेणात, एका अनोळखी बाईच्या टाळूवर जाऊन बसलं. ते लगेच काढायला हवं होतं, मेण गार होत होतं. तो मात्र बघत राहिला. टाळूच्या बरोबर मधोमध, जिथे जीभ टेकते तिथे, चार भोकांचं पांढरं बटण. बाई कोणीतरी आतून बंद करून टाकल्यासारखी दिसत होती. शेजारच्या टेबलावर अक्कलदाढ दात घासत होती, म्हणजे दुसऱ्याचे, पॉलिशच्या चाकावर. कवळ्या बनवण्याच्या ह्या कारखान्यात ती सगळ्यांत शेवटी आली आणि आल्यापासून तिचा सगळ्यांना त्रास, म्हणून अक्कलदाढ. हे नाव तिने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं, दुसऱ्या कोणी ठेवायच्या आत. तिने चाक थांबवलं, बटणाकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे, मग चेहऱ्याकडे.

"बाळसं धरलंयस," ती म्हणाली.

"कोणी?"

"मी नाही. गालांवर बघ काय लाली आलीय. काय घेतोस?"

"काही नाही."

"काही नाही तर आम्हीही घेतो. त्याने असं होत नाही. लग्न ठरलं का?"

"वडील आजारी आहेत."

"मग तुझं हे बरं नाही दिसत," असं म्हणून तिने चाक सुरू केलं.

हात धुवायच्या बेसिनवर एक आरसा होता, मालकाने कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातून उचलून आणलेला. त्यात बघितलं की माणूस आपोआप तोंड उघडायचा. त्यानेही उघडलं. हिरड्या गुलाबी, घट्ट, नमुन्याच्या पेटीत असतात तशा. जीभ स्वच्छ. डोळ्यांतलं पांढरं इतकं पांढरं की उसनं आणल्यासारखं. नखं सारखी कापावी लागत होती. सकाळी उठल्यावर अंगात एक उत्साह असायचा आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. घराचे जिने चढताना तो दमत नसे, मग मधल्या मजल्यावर कठडा धरून मुद्दाम थांबायचा, शेजाऱ्यांना बरं दिसावं म्हणून. आता आरशात बघताना त्याला स्वतःची शिसारी आली. रोगट माणसाची येते तशी नव्हे. आपलं ताट चाटूनपुसून झाल्यावर बोटं चोखत शेजारच्या ताटाकडे बघणाऱ्या माणसाची येते, तशी. गळ्याखाली मांसाची एक मऊ घडी पडली होती आणि तिला घाम आला होता. घामाला घोड्याचा वास होता. हा वास त्याला नवा नव्हता. अश्वगंधेला घोड्याचा वास येतो असं नावातच लिहिलेलं आहे, कोणी फसवलेलं नाही. पण तो पूड चाळताना येतो, दुधातून येतो, आणि मग माणसातून येईल हे नावात लिहिलेलं नाही. बसमध्ये एक बाई परवा त्याच्या शेजारून उठून उभी राहिली होती. तिला दोष देता येत नव्हता. त्यालाही उठून उभं राहायचं होतं, पण स्वतःच्या शेजारून उठता येत नाही.

बाबांना थंडीत ताप आला. तो छातीत बसला, औषधांनी गेला, आणि जाताना बाबांचं निम्मं अंग बरोबर घेऊन गेला. डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडाला धरून पाहिले आणि सगळं चांगलं आहे, वय झालंय, असं सांगितलं. बाबा म्हणाले, "वय मला आधीपण होतं." बाबा वजनमापं खात्यात तपासनीस होते, आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि खोट्या वजनांच्या बुडातलं शिसं शोधून काढलं. घरात आईने वजनाचं यंत्र आणलं तेव्हा ते त्यावर उभे राहीनात. ह्याच्यावर खात्याचा शिक्का नाही, म्हणाले, ह्याची साक्ष मी कशी धरू. म्हणून त्यांचं वजन किती उतरलं हे कोणाला नक्की माहीत नव्हतं. त्याला एकट्याला माहीत होतं, आणि ते कवळीवरून. बाबांची वरची कवळी त्यानेच केली होती, आणि ते त्याचं आतापर्यंतचं सगळ्यांत चांगलं काम होतं. दातांना त्याने बाबांच्याच जुन्या फोटोतला किंचित पिवळेपणा दिला होता आणि पुढचा एक दात थोडा वाकडा बसवला होता, होता तसा. तेव्हा जबड्याचं माप घेताना त्याने बाबांना समोर बसवून "म म्हणा" म्हटलं होतं. धंद्यातली ती नेहमीची पद्धत आहे. म म्हटलं की ओठ मिटतात आणि खालचा जबडा आपणहून सैल पडतो, जिथे पडायला हवा तिथे. तेच खरं माप, बाकी सगळं माणूस आवळून धरतो. बाबा एकदा म म्हणून थांबले नव्हते, ममममम करत राहिले होते, लहान मुलासारखे, आणि आई हसत म्हणाली होती, भूक लागली वाटतं ह्यांना, मंमं मागतायत. आता ती कवळी त्यांच्या तोंडात वाजायची. हिरड्या आटत चालल्या होत्या. त्याने तिला आतून अस्तर लावलं, पुन्हा ढिली झाली, पुन्हा लावलं. लहान होत जाणाऱ्या माणसाला तो आतून कापड घालून तोच कोट पुरवत होता. बाबा बोलायला लागले की आधी दातांचा आवाज यायचा आणि मग शब्द.

आई हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिला कामातून तेवढी फुरसतच नसायची. मावशीने तिला दूरच्या एका गुरुजींचा फोन नंबर दिला, आणि महिन्याच्या आत घरात एक खोकं आलं. त्यात तांब्याचं छोटं उतरतं कुंड, गुळवेलीच्या कांड्या, शतावरी, अश्वगंधेची पूड, काळ्या चिकट अवलेहाची बरणी, आणि प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेल्या गोवऱ्या. पाकिटावर गायीचं चित्र होतं. आपल्या शेणाबद्दल इतकी समाधानी गाय त्याने पाहिली नव्हती. छताला धूर लागला की वाजणारा भोंगा होता, त्याला आईने आपली आंघोळीची फुलाफुलांची टोपी घातली. सकाळी सूर्य उगवताना आणि संध्याकाळी मावळताना तुपात भिजवलेल्या कांड्या आणि अक्षता अग्नीत सोडायच्या आणि मंत्र म्हणायचे. त्याने बळ भरतं, असं गुरुजींचं म्हणणं. पण बाबांना धूर लागला की ढास यायची. तेव्हा आईने गुरुजींना फोन करून विचारलं. गुरुजी म्हणाले, मुलगा बसला तरी चालतं, मुलगा म्हणजे तेच. आणि गुरुजींनी आपल्या आवाजातलं रेकॉर्डिंग पाठवलं, त्याच्यामागे तो म्हणायला लागला. रेकॉर्डिंगमध्ये ठरलेल्या जागी गुरुजी खाकरत, आणि संकल्प संपता संपता मागे कुकरची एक शिटी होई. गुरुजी मंत्राचा तुकडा म्हणत, मग "म्हणा" म्हणून थोडं थांबत. तेवढ्या वेळात म्हटलं तर म्हटलं, नाहीतर ते पुढे जात. "मम म्हणा," गुरुजी म्हणत. तो मम म्हणे. त्याला ते अवघड गेलं नाही. कारखान्यातही तो मम म्हणणाराच होता. मालकाने म्हणावं दात जरा मोठे हवेत, ह्याने म्हणावं हो, जरा मोठेच हवेत. गिऱ्हाइकाने म्हणावं लहान, तर लहान. आयुष्यात आपलं असं काही म्हणायची त्याच्यावर कधी पाळी आली नव्हती.

आणि दूध. ते होम झाल्यावर. अश्वगंधा, शतावरी, तूप घालून आटवलेलं, जाड, मातकट रंगाचं, वर साय. बाबा कप तोंडाला लावायचे, ओठ ओले करायचे आणि बाजूला सरकवायचे. "एवढं तूप आहे त्यात," आई म्हणायची, "टाकायचं कशाला. तू पी." तो प्यायचा. साय आधी यायची, वरच्या ओठाला चिकटायची, मग एकदम सुटून घशात उतरायची, ओल्या कातड्याचा तुकडा उतरावा तशी, तिच्यामागून घोडा. मग बरणीतला अवलेह, चमचा उलटा केला तरी न पडणारा. बाबांनी त्याला नुसतं चाटून पाहिलेलं असायचं. त्यांच्या जिभेची खूण त्या काळ्या गोळ्यावर असायची आणि तो ती खूण खायचा. पहिल्या आठवड्यात त्याला मळमळलं. मग मळमळायचं थांबलं, आणि ते त्याला जास्त वाईट वाटलं. अंगाला लागत होतं. आई म्हणायची, तुझ्या अंगाला लागतंय की रे, आणि लगेच पलीकडच्या खोलीकडे बघायची, तिथून दात वाजल्याचा आवाज यायचा. हे दोन्ही एकाच वाक्यात बसवायचं कसं हे तिला कळत नसावं. त्यालाही कळत नव्हतं. तो चमचा धुऊन ठेवायचा.

बटण मेणातून काढलं तेव्हा टाळूवर त्याचा ठसा राहिला, भोकांसकट. त्याने पातं बर्नरवर तापवून तो पुसून टाकला. पातं तापवताना ज्योत निळी झाली, मेणाचा थेंब तिच्यात पडला, आणि त्याच्या तोंडून सवयीने "स्वाहा" गेलं. अक्कलदाढ म्हणाली, "काय?" तो म्हणाला, "शिंक." संध्याकाळी बसमध्ये त्याला बसायला खिडकी मिळाली आणि काचेत पुन्हा तोच चेहरा, बाहेरच्या दुकानांच्या दिव्यांवरून घसरत जाणारा, लालबुंद, कोणीतरी फुंकून फुगवलेला. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. बस थांबायची, पुढे जायची, थांबायची. त्या हिसक्यांना एक ठेका होता. ठेका ओळखीचा होता. शाळेत संस्कृतच्या बाई डस्टर बाकावर आपटून असाच ठेका धरायच्या, आणि सगळा वर्ग झोपेत म्हणायचा: अहम् आवाम् वयम्. खडूची धूळ उडायची आणि पहिल्या बाकावरचे खोकायचे. माम् आवाम् अस्मान्. बस थांबली. तो मनातल्या मनात पुढे गेला, काही करायचं नव्हतं म्हणून. मया. मह्यम्. मत्. बस हलली. मम आवयोः अस्माकम्. षष्ठी. षष्ठी म्हणजे चा, ची, चे. मम म्हणजे माझं.

त्याने काचेवरून हात काढून मांडीवर ठेवला. मग रेकॉर्डिंग आठवून पाहिलं. ते पाठच होतं, खाकरण्यासकट. मम शरीरे आयुरारोग्यबलपुष्टिवृद्ध्यर्थम्. माझ्या शरीरात. रोज सकाळ-संध्याकाळ, तूप घालून, सूर्याला साक्षी ठेवून, तो अग्नीला सांगत होता की माझ्या शरीरात. पलीकडच्या खोलीत बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले असताना, मधलं दार धुरासाठी लावून घेऊन, माझ्या. अग्नीची काही चूक नव्हती. त्याला जो पत्ता दिला त्या पत्त्यावर त्याने माल पोचवला होता. त्याने कपडे वर करून पोटाकडे पाहिलं नाही, बस भरलेली होती, पण त्याला ते पोट दिसलं. आत बाबांचे दंड, बाबांच्या पोटऱ्या, बाबांच्या गालांवरचं मांस, सगळं नीट रचून ठेवलेलं. ह्यावर आपला विश्वास नाही, हे त्याने स्वतःला सांगून पाहिलं. विश्वास नसेल तर दूध होतंच. दूध नाकारणाऱ्याला उपास घडतो आणि पिणारा फुगतो, ह्याला मंत्र लागत नाही. म्हणजे विश्वास ठेवला तरी चोर, नाही ठेवला तरी चोर; एवढाच काय तो फरक की पहिल्यात तो संस्कृतमध्ये चोर होता.

तो एक थांबा आधीच उतरला आणि बंद दुकानाच्या पायरीवर उभं राहून गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, मुलगा बसला असेल तर काय म्हणायचं असतं?"

"मी म्हणतो ते म्हणायचं."

"तुम्ही मम शरीरे म्हणता."

"बरोबर."

"शरीर वडिलांचं आहे."

पलीकडे कढईत काहीतरी परतल्याचा आवाज आला आणि थांबला. "मग मम पितुः म्हणायला हवं. पितुः कुठे गेला?"

"तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये नाहीये."

"रेकॉर्डिंग सर्वसाधारण आहे. ज्याचा त्याने घालून घ्यायचा असतो. तुम्ही इतके दिवस नुसतं मम म्हणत होता?"

"म्हणा म्हणालात म्हणून."

"बरं, तुम्हाला गुण आला का?"

"बटणं तुटतायत."

"म्हणजे आला," गुरुजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच समाधान होतं. "म्हणजे विधीत खोट नाही."

"आता हे वडिलांकडे वळवता येईल का?"

"अहो, हे काय टपाल आहे, पत्ता चुकला म्हणून वळवायला? आजपासून पितुः घाला. आणि तब्येत सांभाळा."

शेवटचं वाक्य ते सगळ्यांनाच म्हणत असावेत. तो घरी आला. जिना चढताना थांबला नाही, आणि दमलाही नाही, आणि प्रत्येक पायरीवर आपण न दमल्याची त्याला किळस आली. आई स्वयंपाकघरात पूड चाळत होती, दारातच घोडा उभा होता. बाबा खिडकीपाशी पलंगावर होते. पांघरुणाखाली माणूस आहे हे समजून घ्यावं लागत होतं.

"बाबा, एक घोळ झालाय," तो पलंगाच्या कडेला बसून हळू म्हणाला. पलंग त्याच्या बाजूला कलला आणि बाबा थोडे त्याच्याकडे घसरले.

"कुठला? निवडायला पुष्कळ आहेत."

"मी रोज मम म्हणतोय."

"ऐकतो की."

"मम म्हणजे माझं."

दात वाजले. "मला संस्कृतला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते," बाबा म्हणाले.

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं पीं बराच वेळ चाललं. मग तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून."

"दार पातळ आहे."

"मग सांगायचं ना."

"काय सांगायचं? बरं चाललं होतं. दूध मी तुला देत होतो, मंत्र तू तुला म्हणत होतास. घरातलं घरातच राहत होतं." बाबांनी कवळी जिभेने वर ढकलून जागेवर बसवली. "माझ्या पारड्यात आता टाकून काय राहणारे. तुझ्याकडे निदान दिसतं तरी. तू दुधाचा कप ठेवायला येतोस ना, तेव्हा मी बघतो. मस्त गाल आलेत तुला. तुझ्या जन्मानंतर पहिल्यांदाच."

त्याला एकदम ओकारी आली. सगळ्या दुधाची, सगळ्या सायींची, त्या काळ्या गोळ्यांवरच्या जिभेच्या खुणांची. तो उठून बेसिनपाशी गेला, वाकला, बोटं घशात घातली. डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही आलं नाही. तब्येत इतकी चांगली होती की उलटीसुद्धा होईना. नळाखाली तोंड धरून तो उभा राहिला आणि त्याला वाटलं, चोरी केली असती तर परत देता आली असती; हे तर भरवलेलं होतं. आपण पक्ष्याच्या पिल्लासारखी चोच वासून बसलो होतो आणि पलीकडे तो म्हातारा पक्षी स्वतःला थोडं थोडं तोडून आत सोडत होता, वर कौतुकाने बघतही होता. ह्या प्रेमाला घोड्याचा वास होता. त्याने तोंड पुसलं आणि परत येऊन दारात उभा राहिला.

"आज तुम्ही बसा. तुमच्या तोंडाने म्हणा."

"मला धूर सोसत नाही."

"मलाही नाही सोसत."

"तुला सोसतोय. बघ किती छान सोसतोय."

"मग मी आईला सगळं सांगतो."

बाबांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. चाळणीचा आवाज येत होता, एकसारखा. "तिला नको," ते म्हणाले. "ती ते फडक्यातून पण गाळते. ही गुंडगिरी झाली."

"तब्येत चांगली आहे माझी," तो म्हणाला.

आई कप घेऊन दारात आली. "काय कुजबुज चाललीय बापलेकांची?"

"व्याकरण," बाबा म्हणाले. "मी बसतोय आज."

आईने लगबगीने कप टेबलावर ठेवला आणि बाहेरच्या खोलीत कुंडापुढे स्टूल मांडलं, त्यावर उशी घातली, उशीवर चादर. त्याने बाबांना उचलून त्यावर बसवलं. उचलताना फार वरपर्यंत आले ते. त्याने जोर लावला होता, आणि जोर लावण्यासारखं तिथे काही नव्हतं. त्याला पुन्हा त्या आपल्या जोराची लाज वाटली. खिडकीबाहेरच्या इमारतींमागे सूर्य कुठेतरी मावळत असावा. आईने घड्याळ बघून तो मावळला असं जाहीर केलं. गोवरी पेटली. तुपाचा धूर आधी सरळ वर गेला, आंघोळीच्या टोपीला लागला, आणि मग सगळीकडून खाली यायला लागला, गोड, जाड, जिभेवर बसणारा. गुरुजी मोबाइलमधून बोलू लागले. बाबा ताठ बसले होते, तराजू तपासायला बसत असतील तसे. गुरुजी खाकरले. "पाणी सोडा," गुरुजी म्हणाले. "मम म्हणा."

बाबांनी तोंड उघडलं. शब्द यायच्या आत धूर आत गेला. पहिली ढास कोरडी होती, दुसरी पार पोटातून आली, आणि तिसरीबरोबर वरची कवळी तोंडातून सुटली, हवेत एकदा वळली आणि कुंडात जाऊन पडली.

कोणी हललं नाही. कवळी निखाऱ्यांवर उताणी पडली होती आणि थोडा वेळ नुसतीच हसत होती. मग तिच्या कडेला तुपाची ज्योत चढली. गुलाबी हिरडीला फोड आले, ते फुगले, फुटले, आणि तडतडत पिवळा जाळ झाला. कारखान्यातला वास घरात आला, फळं कुजल्यासारखा गोडसर, खाली जळकं प्लास्टिक, त्याखाली तूप, त्याखाली शेण, त्याखाली घोडा. आयुष्यात घेतलेला प्रत्येक वास तिथे आपापली जागा धरून होता. कुकरची शिटी झाली, रेकॉर्डिंगमधली. वाकडा बसवलेला दात आधी सुटला. "अग्नये स्वाहा," गुरुजी म्हणाले. "अग्नये इदं न मम. म्हणा."

"न मम," बाबा म्हणाले. अगदी स्वच्छ. दातांचा आवाज न होता आलेला त्यांचा शब्द त्याने कित्येक महिन्यांनी ऐकला. हे माझं नाही.

छताला आंघोळीच्या टोपीच्या आत भोंगा बोंबलायला लागला, उशीत तोंड खुपसून कोणी रडावं तसा. आई म्हणाली, "काढ ना रे ते." तो म्हणाला, "पेटलंय." आई म्हणाली, "पाणी ओतू?" आणि मग स्वतःच म्हणाली, "ह्याच्यावर कसं ओतायचं." त्याने चिमट्याने तो गोळा बाहेर काढून ताटलीत ठेवला. सगळ्यांत चांगलं काम. काळा, चिकट, बुडबुड्यांचा, चमचा उलटा केला तरी न पडणाऱ्या अवलेहासारखा. त्यातून दोन दात वर आलेले. बाबा त्याच्याकडे बघून हसायला लागले आणि त्यांच्या तोंडाचं एक मऊ भोक झालं, कडा आत वळलेल्या, ओलं. त्याला ते बघवेना. कप तसाच टेबलावर राहिला. आईने तो आधी बाबांपुढे सरकवला, मग सवयीने त्याच्यापुढे, मग दोघांकडे बघून मध्ये ठेवला. वर सायीचं झाकण धरलं. जेवणं झाली, बाबांचं नुसतं पातळ काहीतरी झालं, आणि कप मध्येच होता, दोघांपैकी कोणाचाच नसलेला.

सकाळी तो लवकर कारखान्यात गेला आणि ठसा घ्यायचं सामान पिशवीत भरलं. मालकाने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, वडिलांची कवळी जळाली. मालक म्हणाला, जळाली म्हणजे? तो म्हणाला, होमात पडली. मालक आयुष्यात पहिल्यांदा त्याला मम म्हणाला, म्हणजे मान हलवून बरं म्हणाला. अक्कलदाढेने कवळ्या पाठवायच्या डबीत घालून त्याचं टेबलावर राहिलेलं बटण दिलं. "पोट आत घे, मग लाव," ती म्हणाली. घरी त्याने बाबांना खिडकीपाशी बसवलं, मानेभोवती टॉवेल गुंडाळला, आणि त्यांच्या तोंडात बोटं घातली.

दुसऱ्यांच्या तोंडांचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, कारण ती प्लास्टरची होऊन यायची. हे गरम होतं. हिरड्या बुळबुळीत, त्यांच्याखाली हाडाची धार, जिभेचं टोक त्याच्या बोटांना चुकवत होतं, तरी लागत होतं. ठशाचा लगदा मागे घशाकडे सरकला तेव्हा बाबांना उबळ आली आणि लाळेची एक लांब तार त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. त्याने हात काढला नाही. लगदा घट्ट होईपर्यंत धरायचा असतो, नाहीतर ठसा बिघडतो. त्याने बाबांचं डोकं आपल्या पोटाशी, त्या बटण तुटलेल्या जागी, घट्ट धरून ठेवलं, आणि ते डोकं तिथे एखाद्या खाचेत बसावं तसं बसलं. निदान एवढ्याला तरी ते पोट उपयोगी पडलं. मग ठसा सुटला, वाफाळत, आत बाबांचं आटलेलं तोंड उलटं. त्यावरून मेणाची पट्टी तयार करून ती त्याने त्यांच्या हिरडीवर बसवली, हनुवटीवर आणि नाकाखाली पेन्सिलीने ठिपके दिले. आता फक्त माप राहिलं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "मम म्हणा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते, पण आवळून मिटलेले. तसं मिटून माप येत नाही. "नुसता म चालतो," ते मेण सांभाळत पुटपुटले. "गेल्या वेळी नुसता म होता."

"ह्या वेळी नाही चालणार. पूर्ण."

"कवळीसाठी?"

"कवळीसाठी."

आई पाठीमागे येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात ताजा कप होता, वाफ येणारा, अजून साय न धरलेला. "हे कोणाला देऊ?" तिने विचारलं. रोज ती असं विचारत नसे. रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खिडकीची काच थोडी थरथरली. बाबा त्याच्या गालांकडे बघत होते, मग गळ्याखालच्या घडीकडे, मग कोटाच्या उघड्या फटीकडे. खात्याच्या माणसाने वजन उचलून बुड तपासावं तसे, सावकाश. त्याने नजर वळवली नाही. लाळ हातावर वाळत होती आणि कातडी ओढली जात होती.

"म्हणा की हो," आई म्हणाली. "तो म्हणतोय तर."

"मम," बाबा म्हणाले.

ओठ सुटले आणि जबडा आपणहून खाली आला, जिथे यायला हवा तिथे. आईने तो शब्द कसा ऐकला कोण जाणे. तिने पुढे होऊन कप त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला. वाफ त्यांच्या नाकाशी गेली आणि त्यांनी तोंड वाकडं केलं, पण कप खाली ठेवला नाही.

त्याने ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. "परत म्हणा," तो म्हणाला. खरं तर एकदा पुरतं.